अविधवा नवमीचं पान

...तर कुंडलिक केळीचं पान वाढून जिना उतरला, इथपर्यंत काल सांगितलं. त्याच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन त्याची लेक संचिता, आणि तिच्यामागे शेजारधर्म म्हणून काठी टेकत मी. आमची सगळी बिल्डिंग पितरांचं पान गच्चीवर ठेवते. हा निघाला कोपरच्या खाडीवर.

कुंडलिक म्हणजे एसटीच्या खोपट डेपोचा मेकॅनिक. हयात लाल गाड्यांच्या पोटाखाली गेली. रिटायर झाल्यावर घरात बसून पंख्याचा आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, बेअरिंग गेलंय. त्याची बायको मालन वैतागली. "त्यापेक्षा माझ्याबरोबर पाखरं बघायला चला," म्हणाली. ती जुन्नरकडची, नदीकाठी वाढलेली. गणपती गेले, ऊन तापायला लागलं, की दोघं दर रविवारी सकाळी खाडीवर. मीही जायचो, खरं सांगायचं तर मालनच्या डब्यातल्या थालीपिठासाठी. लांबलांबून आलेली पाखरं चिखलात उतरलेली असायची. कुंडलिकाला ती सगळी बगळेच वाटायची. एक तेवढी त्याला ओळखू यायची, शेपटी खालीवर करत पळणारी परटीण. ती दिसली की म्हणायचा, "हिचा मागचा नट ढिला झालाय."

"आणि तुमचा वरचा," मालन म्हणायची.

काय सकाळी होत्या त्या!

दोन वर्षांपूर्वी ती अंथरुणाला खिळली. पाऊस सरता सरता म्हणाली, एकदा खाडीवर न्या. हा म्हणाला, बरी हो, मग जाऊ. ते राहूनच गेलं, आणि ती गेली. गेल्या वर्षी अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या तिथीला, गच्चीवरच्या पानाला दुपार कलली तरी कावळा शिवला नाही. शेवटी गाईला घातलं. तेव्हापासून याच्या मनानं घेतलं, की मालन रागावून गेली.

म्हणून यंदा खाडी. बांधावर पान ठेवून आम्ही लांब बसलो. कावळे भरपूर होते, पण सगळे पलीकडे मासळी साफ करणाऱ्या बाईभोवती. आमच्या वरणभाताकडे कोण बघतो! कुंडलिक हात जोडून काहीतरी पुटपुटत होता. ऊन चढलं. त्याचा चेहरा उतरत चालला.

तेवढ्यात चिखलातून एक परटीण तुरुतुरु वर आली, मोसमातली पहिली. पानाला एक फेरी मारली आणि भातावरच्या माश्या टिपायला लागली.

संचिता हळूच म्हणाली, "बाबा, हा काही कावळा नाही. परत गच्चीवर ठेवायला लागेल."

कुंडलिकाने पानावरची नजर काढली नाही. म्हणाला, "अगं, कावळे दिसले की तुझी आई लाटणं घेऊन धावायची, त्यांच्यातून ती कशाला येईल? हळू बोल, जेवतेय ती."