दिवस मावळायच्या आधीचं जेवण

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या बाजारात होते. पिशवी दुकानातच ठेवून बेळगावची बस धरली. बेळगावच्या अलीकडचं काकती आलं तरी डोक्यात कामंच: कुणाला कळवायचं, किल्ली कुणाकडं, गॅस बंद असेल ना... रडायचं राहून गेलं. अजूनही एका जागी बसवत नाही.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या. माझ्या मुलीची, प्रज्ञाची, पाळी बंद झाली तेव्हा तिला त्यांच्याकडंच नेलं. ती पोलीस भरतीसाठी रोज संध्याकाळी मैदानावर पळायची. गोळ्या घेतल्या की पाळी यायची, थांबवल्या की पुन्हा बंद. "पळून पळून गर्भाशय हललंय, आता बास," असं घरात ठरत आलं होतं. पोरगी बोलायचीच बंद झाली होती.

आक्कांनी तपासण्यांचे कागद बघितले. सगळं ठीक. मग विचारलं, "मैदानावरनं कवा येतीस गं?"

"दिवस मावळल्यावर."

"मग जेवतीस कवा?"

"आत्ती, आपण रात्री खातो व्हय?" प्रज्ञा हसली.

आक्का हसल्या नाहीत. आम्ही जैन, दिवेलागणीनंतर घरात ताट वाढत नाही. भरल्या पोटी पळवत नाही म्हणून ती आधीही खायची नाही. दुपारच्या डब्यावर पळायची आणि तशीच झोपायची. ती घरची रीत. त्यात उपासमार कुणाला दिसलीच नाही.

आक्कांनी स्टीलचा पेला टेबलावर ठोकला. थांबल्या. पुन्हा ठोकला. "मेंदूच्या तळाशी थोड्या पेशी असत्यात. त्या असं थांबून थांबून संदेश सोडत्यात. त्यो पिट्युटरी ग्रंथीला पोचला की ती बीजकोशाला जागं करती. खाणं कमी, पळणं जास्त झालं की ह्या पेशी ठोके मंद करत्यात. गर्भाशय बिचारं वाट बघत बसतंय."

"आणि गोळ्या?"

"गोळीनं पाळी आली. मेंदू गप्पच हाय की!"

मी लगेच म्हणाले, "मग आजपासून रात्री जेव." प्रज्ञानं नकाराची मान हलवली, नियम मोडायचा नाही. आक्काही तो पाळत. "मैदान सकाळी नसतंय व्हय?" एवढंच म्हणाल्या, आणि भावाला फोन लावला, "आण्णा, पोरीला पळू दे रं. उपाशी पळवू नको."

पळणं सकाळवर आलं, थोडं कमीही केलं. पाळी यायला बरेच महिने लागले. मी रोज पोरीला विचारायची. आक्का चिडायच्या, "सुमन, मेंदूला तुझी घाई कळत न्हाय." मग एका दुपारी प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, आली. गोळीबिगर." आणि बूट धुवायला गेली.

भरती झाल्यावर ती बेळगावात आक्कांकडंच राहिली. आक्का गेल्या, आता ती पोलीस क्वार्टरमध्ये जाणार, म्हणून गेल्या आठवड्यात त्यांचं घर आवरायला गेले. कपाटं रिकामी केली, भांडी खोक्यात बांधली. पश्चिमेच्या खिडकीपाशी जेवणाची खुर्ची होती, ती उचलली. तेवढ्यात प्रज्ञा ड्यूटीवरून आली, खाकीतच.

"आई, ती ऱ्हाऊ दे. आत्ती तिथं बसवायच्या मला... ऊन किती उरलंय ते दिसतंय."

ऊन समोरच्या गच्चीवर होतं, उतरत होतं. मी खोक्याची दोरी सोडली आणि तवा बाहेर काढला.