तोबित सापडेना

माझा नवरा वसईचा कॅथलिक, मी जालन्याची प्रोटेस्टंट. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली. नंतर त्याच मंडळींनी निगडीतल्या आमच्या फ्लॅटवर येऊन बिर्याणी हाणली. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनेला जमतात तेही असेच, कुणी चाकणच्या कंपनीतले, कुणी माणच्या आयटीतले, प्रत्येकाचं चर्च वेगळं. नुसती भेळ.

या भेळेसाठी मी एक ॲप करायला घेतलं. त्या त्या दिवशी चर्चने वाचायला नेमलेले बायबलचे पाठ रोज सकाळी मोबाइलवर दिसावेत, एवढंच. सोपं वाटलं होतं. पण स्वर्गारोहणाचा सण कुणाचा गुरुवारी, तर कुणाचा पुढच्या रविवारी. आमच्यातल्या केरळच्या जोडप्याचं कॅलेंडर तिसरंच. आमच्यातला एकजण म्हणाला, "प्रभू एक, मग पाठही एकच ठेवा ना राव!" मी म्हटलं, "ठेवते. पहिला तुझा सण हलवते." शेवटी मी सगळ्यांचे पाठ वेगळे ठेवले. ॲप सुरू करताना एकदाच विचारायचं, तुमचं चर्च कोणतं?

आई गेल्यावर पप्पा जालना सोडून आमच्याकडे आले. जन्मभर शाळेत मास्तर, रविवारी संडे स्कूल. बायबलचं एखादं वचन उच्चारायचा अवकाश, त्यांचं बोट त्या पानावर. आमच्या प्रार्थनेतही पोरं मोबाइल चाळत असायची, तोवर पप्पांचं वाचन सुरू झालेलं असायचं. याचा त्यांना गर्व होता, आणि मला त्याहून जास्त.

नवऱ्याने मोठ्या प्रेमाने त्यांच्या मोबाइलवर ॲप टाकून दिलं आणि चर्चच्या प्रश्नाला सवयीने स्वतःचंच उत्तर दिलं. त्याच्या लक्षातही आलं नाही.

त्या आठवड्यात पप्पा गप्प गप्प झाले. रविवारी म्हणाले, "आज वाचायला दुसऱ्या कुणाला सांगा. घसा बसलाय." घसा चांगला खणखणीत होता. सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर पप्पा बायबलची अनुक्रमणिका उघडून बसलेले. बोट वरून खाली, पुन्हा वर.

"काय शोधायलात पप्पा?"

"तोबित. मोबाइलात रोज दिसायलंय, अन् मला सापडंना. पुस्तकच्या पुस्तक डोक्यातून गेलं बघ माय. दादाचं असंच सुरू झालं होतं."

मला आधी हसूच आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला. दादा म्हणजे माझे मोठे काका. शेवटी शेवटी पोटच्या पोरांना दारात अडवून 'कोण पाहिजे?' विचारायचे.

मी चहा खाली ठेवला. "पप्पा, तोबित तुमच्या बायबलात नाहीच. कॅथलिकांच्या बायबलात आपल्यापेक्षा काही पुस्तकं जास्त असतात, त्यातलं आहे ते. हे तुमच्या जावयाच्या चर्चचे पाठ आहेत."

मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "मग तसं लिहायला काय झालं होतं तुला? पुस्तकात न्हाई म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसाला वाटतं, डोक्यातच न्हाई राहिलं!"

इतकी खरी तक्रार माझ्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसातही कधी कुणी केली नव्हती. आता ॲपमध्ये पाठाच्या वरच चर्चचं नाव दिसतं, आणि एखादं पुस्तक काही बायबलांत नसेल तर तेही तिथेच लिहिलेलं असतं. पप्पांच्या मोबाइलवर त्यांच्या चर्चचे पाठ लावून दिले. नवऱ्याला दोन शब्द सुनावले ते वेगळे.

पप्पांनी मात्र जावयाचं बायबल मागून घेतलं आणि बाल्कनीत बसून एका बैठकीत तोबित वाचून काढलं. दृष्टी गेलेला बाप, दूर गेलेला मुलगा, आणि शेवटी बापाला पुन्हा दिसायला लागतं. "इतकी चांगली गोष्ट, अन् मला कुणी सांगितलीच न्हाई!" दिवसभर तेच.

पुढच्या रविवारी त्यांनी हट्टच धरला की जावईबापूंनी सगळ्यांना तोबित वाचून दाखवावं. नवरा उभा राहिला आणि स्वतःच्याच बायबलची पानं उलटायला लागला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. कपाळावर घाम. पप्पा हात जोडून, डोळे मिटून बसले होते.

"नहेम्याचं पुस्तक संपलं की लगेच," ते तसेच म्हणाले. "तुम्ही पुढं गेलात. मागं या."

सगळे हसले. मला रडू आलं. प्रार्थनेत कुणी रडलं तर का म्हणून विचारत नाहीत, ते एक बरं असतं.