दुपारच्या झोपेची राखण

ये, इकडे सरक. तिथं दाराशी पाय लांब करून काय बसलीस पाहुणीसारखी? मघापासून ऐकतेय मी, नवरा घोरतो म्हणून किती हसणं चाललंय तुझं! चारचौघींत त्याची नक्कल करून दाखवतेस. शहाणी गं माझी बाई! हसून झालं असेल तर जवळ बस आणि ऐक. तुझ्या वयात मीही हसायची. नुसती हसायची नाही, मिरवायची.

छप्पन साली माझं लग्न झालं आणि कळंबजवळच्या एका खेड्यात मी नांदायला आले. घरात माणसं तीनच. हे, मी आणि माझी मोठी जाऊ. सासू फार आधी गेलेली. तेव्हा हे चार वर्षांचे होते आणि जाऊबाई नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, स्वतःच चौदा वर्षांच्या. त्यांनी यांना न्हाऊ घातलं, भरवलं, थोपटून निजवलं. माझे थोरले दीर, आमच्या बोलीत भासरे, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी अचानक गेले. जाऊबाईंची एकुलती मुलगी राळेगावकडे दिलेली. म्हणजे बाईंना जीव लावायला घरात उरलं कोण? हेच. आणि मला तरी कोण होतं दुसरं? चार वर्षं झाली तरी माझी मांडी रिकामीच होती.

तर यांचं घोरणं. भिंतीपलीकडची म्हातारी सांगायची, तुझा नवरा झोपला की आमच्या कोंबड्या दचकतात. विहिरीवर बाया चिडवायच्या, "काय वं, तुह्या घरी राती कापसाचं जिनिंग चालते का?" मी लाजायची, पण आतून फुलायची. आमच्याकडे समजच तसा होता. पोटभर खाणारा, दिवसभर राबणारा माणूसच असा घोरतो. उपाशी माणूस कशाला घोरेल? नवऱ्याचं घोरणं म्हणजे घर भरलेलं असल्याची दवंडी. आणि मी काय करायची माहीत आहे? कानात कापसाचे बोळे घालून निवांत झोपायची. कापसाच्या मुलखात बोळ्यांना काय तोटा!

माझं पोट दुखायचं ते वेगळ्याच गोष्टीनं. दुपारी जेवण झालं की हे ओसरीवर खाटेवर आडवे व्हायचे. जाऊबाई तुरीची डाळ निवडायच्या निमित्तानं सूप घेऊन नेमक्या खाटेच्या उशाशी बसायच्या. डाळ निवडत, पण कान तिकडे. मध्येच उठून यांच्या खांद्याला दोन बोटं लावायच्या आणि एवढा आडदांड माणूस पोरासारखा कुशीवर वळायचा. आवाज बंद! तेच मी दंडाला धरून गदागदा हलवलं तर हे खेकसायचे, "झोपू दे ना वं!"

सांग बरं, मला काय वाटत असेल? कमाई घराची, शेत दोघा भावांचं, सगळं कबूल. पण नवऱ्याची झोप तरी माझी असावी की नाही? तिथंही या आधीच जाऊन बसलेल्या. मी स्वयंपाकघरातून भांडी आपटायची. बाई शांतपणे म्हणायच्या, "पोरी, हळू. आताच कूस बदलली त्याइनं." असं कोणी हळू म्हटलं की माझ्या हातातून हमखास परात पडायची.

मग मी मनाशी ठरवलं, घोरणं मीच थांबवून दाखवते. नाकात कोमट तिळाचं तेल सोडलं, हे शिंकत उठले. ओव्याचा धूर दिला, डोळे चोळत बाहेर गेले. मग मी एक दिवस पाहिलं, हे तोंड उघडं टाकून घोरतात. तोंड मिटलं की काम झालं, नाही का? दुपारी गाढ झोप लागल्यावर मी पांढरा पंचा घेतला, हनुवटीखालून घालून डोक्यावर गाठ मारली. खरंच आवाज बसला. मी कौतुकानं पाहत उभी, तेवढ्यात जाऊबाई गोठ्यातून आल्या.

अशी किंकाळी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. हातातलं शेणाचं टोपलं टाकून त्या धावल्या आणि शेणाच्याच हातानं त्यांनी तो पंचा ओरबाडून काढला. हे धडपडून उठले, चेहरा लालबुंद, धापा टाकत.

"जित्त्या माणसाचं तोंड बांधते का वं? मढ्याचं बांधतात असं!" बाई ओरडल्या. "अन् नाक चोंदलं हाये त्याइचं सकाळपासून. श्वास कुठून घेतीन?"

शेजारच्या दोघी कुंपणावरून पाहत होत्या. माझी मान खाली. चुकलं हे मला कळलं होतं, पण चारचौघींसमोर, तेही त्यांनी सांगावं, हे सोसवलं नाही. आणि हे काय बोलले? "जाऊ दे वैनी, अक्कल नाई तिले." वैनीला पाणी दिलं. मला नाही.

आठवड्याभरानं बाईंनी आपली युक्ती काढली. यांच्या घरात घालायच्या जुन्या सदऱ्याला पाठीच्या मधोमध एक पिशवी शिवली आणि तीत सरकी ठासून भरली, मुठीएवढी. उताणं पडलं की सरकी टोचणार, माणूस आपोआप कुशीवर होणार. उताणं झोपलं की जीभ मागं पडते आणि वाट बंद होते, हे त्यांनी नुसतं पाहून पाहून ओळखलं होतं. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली एकेक वीटही सरकवली.

आणि गुण आला गं! हे सकाळी डोकं धरून उठायचे ते थांबलं. जेवताना पेंगायचे ते थांबलं. गावभर सांगत सुटले, "आमच्या वैनीनं कमाल केली." विहिरीवरच्या बाया मला विचारू लागल्या, "मंग तू काय करतं वं घरी?"

मी काय केलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सदरा धुवायला नेला आणि दगडावर बसून त्या पिशवीचे टाके एकेक करून उसवले. बारीक, एकसारखे टाके होते. जीव लावून घातलेले. त्याचाच तर मला राग होता. सरकी आणून म्हशीच्या गव्हाणीत टाकली. हे रात्री सदरा घालून उताणे झोपले, काही बोलले नाहीत. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी बोळे घातले आणि झोपले.

दिवस कापसाचे होते. हे गाडी भरून यवतमाळला जिनात नेत, रिकामी गाडी घेऊन परत येत. आमच्याकडे धुरकऱ्यानं, म्हणजे गाडी हाकणाऱ्यानं, परतीच्या वाटेवर डुलकी घेणं म्हणजे चूक नव्हे, उलट शहाणपण. बैलांना वाट पाठ असते, माणसानं कशाला जागायचं? सगळेच झोपत. पण इतर झोपत ते गाडीत मागं आडवे होऊन. हे पुढं बसल्याबसल्याच झोपू लागले होते, बोलता बोलता.

पिशवी उसवून पाच-सहा दिवस झाले असतील. उन्हं कलली होती. मी अंगण सारवत होते. घुंगरांचा आवाज आला, बैल आले, नेहमीच्या जागी उभे राहिले आणि मान हलवू लागले. मी हात धुवून पाणी घेऊन गेले तर धुरकऱ्याची जागा रिकामी. कासरा खाली लोंबत होता. चाकालगत फरफटून त्याचं टोक धुळीनं माखलं होतं.

मी तशीच उभी. जाऊबाईंनी एकदाच गाडीकडे पाहिलं आणि अनवाणी पळत सुटल्या. मी त्यांच्या मागं. त्या वाटेवर माझ्या मनात काय होतं सांगू? देवाला म्हणत होते, यांना राख. आणि त्याच दमात म्हणत होते, पण या बाईच्या आधी मला पोचू दे. असा असतो बघ हेवा. मरणाच्या वाटेवरही पुढं धावतो.

हे कोसभर अंतरावर बाभळीला टेकून बसले होते. डुलकीत खाली पडले होते. चाक अंगावरून गेलं नाही एवढं नशीब. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. पोचल्या आधी बाईच.

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. हात बांधून झाला आणि हे बाकावर बसल्याबसल्या झोपले, तोंड उघडं, घोरणं सुरू. म्हातारे डॉक्टर तिथून चालले होते, ते थबकले आणि ऐकत उभे राहिले.

"याच्या झोपेच्या वेळी जवळ कोण असतं?"

"मी," मी पदर सावरत पुढं झाले.

"मग सांगा, घोरता घोरता मध्येच आवाज थांबतो का? किती वेळ?"

 चार वर्षं शेजारी झोपून मला काय माहीत? बोळ्यांपलीकडचं काय ऐकू येणार? मागून जाऊबाईंचा आवाज आला.

"थांबते डॉक्टरसाहेब. म्या मोजलं हाये. दुपारी वीस आकडे मोजून होयेपर्यंत थांबते, कधी पंचवीस. मंग हिसका बसते अन् मासोळीवानी तोंड उघडून हवा घेते. सकाळी डोकं दुखते. दिवसा बोलता बोलता झोपते. बाजाराच्या दिवशी मोहाची दारू घेतली का जास्तच."

डॉक्टर माझ्याकडे पाहायचे थांबले आणि त्यांच्याशीच बोलू लागले. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं मला.

त्यांनी चांगल्या दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला, घसा पाहिला, नाक पाहिलं. म्हणाले, "घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. गळ्यातली हवेची वाट मिटते, श्वास अडतो आणि दर वेळी हृदयाला धक्का बसतो. झोप पुरी होत नाही म्हणून हा दिवसा झोपतो. या वयात दाब इतका वाढलाय. असंच चाललं तर हृदय थकेल, कधी डोक्यातली नस फुटेल." मग सांगितलं, वजन उतरवा, दारू बंद, तंबाखू बंद, जेवण दिवस मावळायच्या आत, झोप कुशीवर, उशाकडची बाजू उंच, नाक चोंदलं की मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा आणि दर महिन्याला दाब दाखवा. आता झोप तपासायची सोय असते, रात्री नाकावर लावायचं हवेचं यंत्र मिळतं. तेव्हा आमच्याकडे एवढंच होतं.

"कुशीवर झोपावं म्हणून काही केलंत का?" त्यांनी विचारलं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

बाहेर कडुनिंबाखाली बसलो तेव्हा माझा बांध फुटला. "बाई, ती सरकीची पिशवी म्या उसवली."

"मले माहीत हाये. म्हशीच्या गव्हाणीत दोरा सापडला."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"वाटलं, माह्या हातची नको असंन तुले. तू नवी शिवशीन आपल्या हातानं. वाट पाहून राह्यली होती."  मग म्हणाल्या, "तुहे भासरे असेच घोरत. जास्तच. मी वैतागायची, उशी कानावर घ्यायची. एका राती आवाज थांबला. मले वाटलं, बरं झालं, आज शांत झोपले. मीही झोपली, पोरी. मस्त झोपली. सकाळी हात लावला तं गार."

मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पाहवेना. एवढी वर्षं ज्या बाईचा मी हेवा केला, ती दुपारभर सूप घेऊन कशाची राखण करत होती, ते मला तेव्हा कळलं.

घरी येऊन नवी पिशवी मी शिवली. टाके वाकडेतिकडे, पण माझे. बोळे चुलीत टाकले. बाईंनी मला खाटेशी बसवून ऐकायला शिकवलं. कोणता आवाज साधा, कोणता अडलेला, खांद्याला बोटं नेमकी कुठं लावायची. माझा हात धरून त्यांनी तो तिथं ठेवला.

हेवा गेला म्हणशील, तर नाही गं गेला. पथ्य पाळलं ते वैनीच्या शब्दावर. मी दहा वेळा म्हटलं दारू सोडा, कानावर गेलं नाही. वैनी एकदा म्हणाली, "भाऊजी, माह्यासाठी," झालं, सुटली! भाकरी दोनवरून दीड झाली तीही त्यांनी वाढली म्हणून. मी वाढली की ताटात आणखी अर्धी मागायचे. वर्षभरात अंग उतरलं, दाब उतरला, आवाजही बराच बसला. बाया विहिरीवर म्हणायच्या, जाऊबाईंनी वाचवलं. खरंच होतं ते. तरी मला कुठंतरी चावायचं.

पुढच्या पावसाळ्यानंतर राळेगावहून निरोप आला, लेकीचं बाळंतपण आहे, आईला पाठवा. बाई निघाल्या. मोटारीपाशी हे लहान पोरासारखे रडले. मी माहेरी निघाले की कधी डोळा ओला केला नव्हता या माणसानं, सांगते तुला! मी वळून तोंड पुसलं.

बाईंनी मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाल्या, "वीस आकडे मोजून होयेपर्यंत घाबरू नको. त्याच्या वर गेलं तं हलव." आणि चढून खिडकीशी बसल्या.

त्या दुपारी सूप घेऊन खाटेशी मला एकटीनं बसायचं होतं. इतकी वर्षं हेच मागत होते मी. आणि आता ते मिळालं, तर वीसच्या पुढचे आकडे एकटीनं मोजायची भीती वाटत होती. मोटार सुरू झाली तशी मी खिडकीबरोबर दोन पावलं चालले आणि ओरडून म्हटलं, "बाई, बाळंतपण आटपलं का लेकीले घेऊनच या. पण लवकर या!"