मोठ्या मशीनचे दोन खण

आमच्या क्लासच्या कॉम्प्युटर खोलीतले किस्से म्हणजे धूळच. आज पुसा, उद्या हजर! मी तिथं झाडलोट करायची, पोरांच्या चपला सांभाळायची. शिक्षण सातवीपर्यंत. भूकंपात शाळा पडली, आई-बाप गेले. धाकटी बहीण जयू दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखालून जिती निघाली. तिला घेऊन मी लातूरला आले. आता ती दहावी झाली होती. क्लासमध्ये फुकट जागा एकच, आणि त्या जागेची परीक्षा याच खोलीत, कॉम्प्युटरवर. ती जागा नाही मिळाली तर जयूचं शिक्षण संपलं.

*

मुन्नी माझी लेक, दोन वर्षांची. कामावर तिला मी पदराला गाठ मारून ठेवायची आणि दाराजवळच बसायची.

क्लासचे मालक स्वामी सर म्हणाले, "बाई, लेकराला दावं लावलंय का काय!"

"सर, जमीन हलली की शोधत बसायला वेळ नसतो."

सर हसले. मी नाही हसले.

*

सरांनी कुठून तरी एक जुनं मोठं मशीन आणलं. पोरांना प्रश्न त्याच्यातून यायचे आणि सगळ्यांची उत्तरं वायरीनं त्याच्यात जायची. वायर खोचायचं कार्ड मात्र अगदी स्वस्तातलं! त्या कार्डाचं आणि मशीनचं जमवून देणारा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात त्याला, तो क्लासचे कॉम्प्युटर बघणाऱ्या आमच्या रफीकभाईंनी स्वतः लिहिला.

"भाई, एवढं हळू का चालून राहिलंय?"

त्यांनी माझं चपलांचं रॅक दाखवलं. एका ओळीत चार खण. "भाभी, मशीनच्या आत पण असेच खण असतात. कार्ड पहिल्या खणापासून माल भरतं. चौदा खण नुसता पत्ता, मग खरा माल, म्हणजे पोरांची उत्तरं. तो येतो ओळीच्या मधोमध. ह्या मशीनला माल ओळीच्या सुरुवातीलाच पाहिजे. मग मी सगळं उचलतो आन् दोन खण पुढं सरकवतो. दर वेळेला!"

"मग आधीच दोन खण मोकळे सोडा की!"

भाई कपाळाला हात लावून बसले. "हेच समजायला मला आठ दिवस लागले, भाभी. पण हे कार्ड ऐकत न्हाई. त्याला पहिलाच खण पाहिजे."

*

सरांना दम निघेना. "तीस पोरं बसली की गोगलगाय! उचलाउचल बंद करा."

"सर, दुसरं मशीन असतं तर सांभाळून घेतलं असतं. हे ओळ चुकली की जागच्या जागी थिजतं."

"उचलाउचल बंद, न्हाई तर तुम्ही बंद!"

भाईंनी मग उचलाउचल काढली आणि प्रोग्राममध्ये जिथं जिथं माल ओळीच्या सुरुवातीलाच लागतो ती एकेक जागा शोधून दुरुस्त केली. चार पोरं बसवून पाहिलं तर मशीन लई पळालं! सरांनी भजी मागवली. भाईंनी हात लावला नाही.

"एखादी जागा सुटली असंल तर?" मी विचारलं.

"तर अल्ला मालिक."

*

सुटली होती.

परीक्षेला अर्धा तास झाला आणि तीसच्या तीस पडदे थिजले. भाईंनी धावत जाऊन जुना, हळू चालणारा ड्रायव्हर परत टाकला. पंधरा मिनिटं गेली.

"सर, वेळ वाढवून द्या."

"घड्याळ सगळ्यांना सारखंच हाय!"

आता एक प्रश्न उघडायला मिनिट लागायचं. मागच्या कोपऱ्यातून जयू माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

*

शेवटची वीस मिनिटं उरली आणि रॅकमधल्या चपला खाली पडायला लागल्या. आधी मला वाटलं, ट्रक गेला. मग खिडकीची तावदानं वाजली.

मुन्नीला उचललं आणि जिना उतरून पळाले. सगळी पोरं अनवाणी रस्त्यावर. सर सगळ्यांच्या पुढं! मी पोरं मोजली. एकोणतीस. परत मोजली. एकोणतीस.

मुन्नीची गाठ सोडून तिला भाईंच्या हातात दिलं आणि जिन्यानं वर गेले. खोली रिकामी, वरून चुना पडत होता, आणि कोपऱ्यात जयू. केसांवर पांढरं, हात माऊसवर.

"जये, उठ! जमीन हालून राहिली!"

तिनं मान वर केली नाही.

"ताई, तू जा. सगळे गेले ना, आता मशीन लई पळायलंय."