एका सेल्फात सुरू होणारी गाडी

फोन आला तेव्हा मी अंगणात तांदूळ पाखडत बसले होते. तुमसरच्या गिरणीवरून शंकर बोलत होता. तोही ट्रकवालाच, आमच्या ह्यांचा रांगेतला सोबती. "मॅडम, पल्लादभाऊ उठूनच नाही राहिले जी," तो म्हणाला. "आमाले वाटलं झोपले असतील. रांग पुढं सरकली, म्हून मी काच ठोकली..." पुढचं मला ऐकू आलं नाही. आलं असेल तरी आठवत नाही. धान खाली करायच्या रांगेत, स्वतःच्या गाडीत बसल्या बसल्या प्रल्हाद गेले. त्या दिवशी पहाटे ते निघाले तेव्हा मी झोपेत होते. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मी कूस बदलली. एवढाच आमचा शेवटचा निरोप.

पूर्वी असं घडलंच नसतं... कारण पूर्वी माझ्याशिवाय ती गाडी सुरूच होत नसे.

जुन्या गोल नाकाचा, लाकडी बॉडीचा तो ट्रक. लग्न झालं तेव्हा हे त्यावर ड्रायव्हर होते. पुढे मालकाने नवी गाडी घेतली आणि ही ह्यांनी ठेवून घेतली. हंगामात लाखांदूरकडचं धान भरायचं आणि तुमसरच्या गिरण्यांवर न्यायचं, हा त्यांचा धंदा. मी दिघोरीच्या शाळेत शिक्षिका. गाडीचं इंजिन भक्कम होतं, पण सेल्फ, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला गरका देणारी मोटर, अगदी थकलेली. उन्हाळ्यात कशीबशी चालायची, थंडीत नुसती कण्हायची. म्हणून हे रोज संध्याकाळी गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, चढवून उताराला तोंड करून लावायचे. चाकाखाली दगड. सकाळी हे सीटवर बसायचे, मी पदर खोचून चाकापाशी वाकायची. "हो माया, काढ वं!" अशी आरोळी आली की मी दगड ओढायचा, बाजूला व्हायचं, मग ह्यांनी हँडब्रेक सोडायचा. गाडी उतारावरून निघायची, गिअर पडायचा, एक गचका, काळा धूर, आणि इंजिन बोलू लागायचं. मागे न बघता ते खिडकीतून हात बाहेर काढायचे. मी दवाने भिजलेल्या पायांनी घरी येऊन शाळेची तयारी करायची. आमची मुलगी रोशनी मोठी झाली, लग्न होऊन नागपूरला गेली, मी निवृत्त झाले. पाळीवरची सकाळ मात्र चुकली नाही. शाळेतल्या बाया हसायच्या. मी म्हणायची, "आमच्या इथं गाडीलेबी बाई लागते."

मग एका हिवाळ्यात हँडब्रेक आपोआपच सुटला. मी दगड काढला होता, अजून बाजूला झाले नव्हते. गवत ओलं, पाय घसरला, आणि चाक माझ्या पदरावरून गेलं. मी ओढली गेले, लुगडं फाटलं, म्हणून वाचले. गाडी खाली सुरू झाली होती. हे पाळ चढून वर आले, मला गवतात बसलेलं पाहिलं, फाटका पदर पाहिला. खाली गेले आणि इतक्या कष्टाने सुरू झालेली गाडी त्यांनी बंद करून टाकली. त्या दिवशी ते कामावर गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या लोकांकडून धक्का मारून घेऊन गाडी तुमसरला नेली. संध्याकाळी परतले ते नवा सेल्फ बसवूनच. जुना काढलेला मागे ठेवला होता, उखळासारखा जड. नवा म्हणे त्याच्या निम्म्याने, आत गिअर असलेला. जाड नव्या तारा टाकल्या, बॅटरीची अर्थिंग जिथे जोडतात तिथला गंज खरवडून काढला. अंगणात गाडी उभी करून हे चावी फिरवायचे, सुरू, बंद, पुन्हा सुरू. "पाह्यलं काय? लहान हाये, पन एका सेल्फात उचलते!"

"कायले आनला जी हा?" मी म्हटलं. "मी मेली काय?"

"मराची वाट पाहू काय तुह्या?" ते म्हणाले, आणि मान फिरवून बॉनेट पुसत राहिले.

त्यानंतर गाडी पाळीवर गेली नाही, अंगणातच राहू लागली. पहिले काही दिवस मी सवयीने उठून दारात उभी राहायची. "काहून उठली? थंडी हाये, निजून राय," ते म्हणायचे. मायेनेच म्हणायचे. हळूहळू मी खरंच निजू लागले. ते आपला चहा आपण करत, माझा बशीखाली झाकून ठेवत. मी उठेपर्यंत तो गार झालेला असायचा. भांडण नव्हतं, अबोला नव्हता... फक्त सकाळ माझी राहिली नव्हती. एकदा जेवताना ते मधेच म्हणाले, "पाळीवरून निघत होतो तं मागं कोनी हाये असं वाटे. आता आरशात आंगनच दिसते."

"मंग उठवत जा मले."

"उठवून काय करू? तुले दगड काढाले लावू काय पुन्हा?" ते हसले. मीही हसले. विषय संपला.

जावयांनी तुमसरहून गाडी आणून अंगणात लावली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. रोशनी म्हणते, आई, नागपूरला ये, गाडी देऊन टाक. भंगारवाला येऊन चाकं ठोकून गेला. त्याला मी परत पाठवलं.

गाडीचा मिस्त्री म्हणाला होता, आठवड्यातून एकदा तरी सुरू करा, नाहीतर बॅटरी मरेल. म्हणून रविवारी सकाळी मी चढते. ह्यांच्या जागेवर बसवत नाही. बाजूच्या सीटवरून हात लांबवून चावी फिरवते. गाडी लगेच सुरू होते. शेजारची सुनंदा दारातून विचारते, "कुठं जाऊन राहिल्या मॅडम?" "कुठंच नाही वं," मी म्हणते. सगळी केबिन थरथरते, त्यांची रिकामी, खोलगट झालेली सीटसुद्धा. समोर हवेच्या दाबाचा काटा असतो. टाकीत हवा भरल्याशिवाय ब्रेक लागत नाहीत, म्हणून आमची पाळीवरची सकाळ सोडली तर तोवर कोणी ट्रक हलवत नाही. मी काट्याकडे पाहत बसते. तो हळूहळू वर सरकतो, खुणेपर्यंत पोचतो. हवा भरते. गाडी निघायला तयार होते...

मग मी ती बंद करते.