हेस्टरबाईचं मागच्या शनिवारचं पत्रक

थॉर्नक्लफच्या हेस्टर क्लेगला हिशेब कधी जमला नाही, पण कपडे धुण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. फुटबॉल क्लबचे अकराही सदरे तिच्याच परसात उकळायचे. गोलकीपर सेथ तिचा एकुलता एक. नवरा खाणीतल्या कोळशाच्या धुळीनं गेलेला. १९२७ साली क्लब खालच्या वर्गात घसरायला आला. घसरला तर सेथला सोडणार हे ठरलेलं, आणि सोडलं की त्याला खाणीखेरीज वाट नव्हती.

शेवटच्या शनिवारी थॉर्नक्लफ आणि ब्रॅकलीचे गुण सारखे. दोघांतला एक बुडणार. ब्रॅकलीची मॅच तिकडे लांब. तिचं कळायचं मध्यंतरात, मैदानातल्या फळीवर. फळीवर नावं नसायची, नुसती अक्षरं. कुठलं अक्षर कुणाचं, ते त्या दिवसाच्या पत्रकात छापलेलं. हेस्टरबाईनं मात्र मागच्या शनिवारचंच आणलं होतं. अक्षरं काय दर आठवड्याला बिऱ्हाड बदलतात होय, असं तिला वाटायचं. अक्षरं खरंच बदलत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

इकडे एक-एक बरोबरी. फळीवर ‘डी’पुढे शून्य-तीन चढलं. हेस्टरबाईनं आपलं पत्रक पाहिलं, त्यात ‘डी’ म्हणजे ब्रॅकली होतं, आणि शेजारच्या सगडनबाईला म्हणाली, ब्रॅकली तीन गोलांनी मार खातेय. सगडनबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. खेळाडू परत मैदानात आले तोवर बातमी त्यांच्याही कानी गेली. मग कशाला पळताहेत? बरोबरी पुरे म्हणून सगळे सेथच्या पुढ्यात भिंतीसारखे उभे राहिले. मॅच तशीच सुटली. टोप्या उडाल्या.

तेवढ्यात तार आली. ब्रॅकलीचीही एक-एक बरोबरीच. तीन गोल खाल्लेले भलतेच कुणी.

पुन्हा गुण सारखे. आता केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. थॉर्नक्लफचे पन्नास केलेले, पंच्याहत्तर खाल्लेले. ब्रॅकलीचे चाळीस आणि एकसष्ट. जो तो पेन्सिल चाटून भागाकार करी आणि ज्याचं त्याचं उत्तर वेगळं येई. हेस्टरबाई म्हणाली, चौदा गोल जास्त खाल्ले म्हणजे आपणच बुडालो. आणि ती रडायला बसली. शेवटी क्लबच्या कारकुनानं तीनदा भागून सांगितलं, केसभर का होईना, आपण वर.

सेथ बूट काढून चहाला बसला. मग म्हणाला, “ब्रॅकलीची ती थाप कुणी सोडली?”

“मी,” हेस्टरबाई म्हणाली. “बरं केलं की वाईट?”

सेथनं पावाला डुकराची चरबी फासली. पुढे धावलो असतो तर एखादा गोल केला असता, असं तो म्हणाला. मग म्हणाला, खाल्लाही असता. खाल्ला असता तर संपलंच होतं.

“म्हणजे बरं?”

“आई, तू वाढ. मला खाणीत जायचं नाहीये, एवढंच कळतंय.”

तिनं त्याला आणखी एक तुकडा वाढला. बोटांवर पन्नास नि पंच्याहत्तर मोजायला घेतले, आणि विसाच्या पुढे सोडून दिले.