वाकड्या करंगळीचा हात

साठ सालाच्या पुढेमागे दारव्ह्याला तंबूचं टॉकीज यायचं आणि त्याच्या पाट्या मी रंगवायचो. एकदा भुताचा सिनेमा आला. कंपनीच्या पोस्टरांचा नुसता सावळा गोंधळ होता. एकावर पांढऱ्या साडीतली बाई, दुसऱ्यावर सांगाडा, तिसऱ्यावर नुसतीच हवेली. लोकांना वाटलं, तीन वेगवेगळे सिनेमे आहेत.

मालक म्हणाले, "पेंटरसाहेब, एकच निशाणी करा. पाटीवर, जाहिरातीच्या छकड्यावर, हँडबिलावर तीच दिसली पाह्यजे."

निशाणी म्हणून मी भुताचा हात ठरवला. पण काढला की तो आशीर्वाद देणाऱ्या बुवाचा वाटे. मी चिडून कागद फाडत बसलो होतो. ते बघून बायकोनं पदराखालचा उजवा हात पुढे केला.

"हा घ्या."

लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून तिची करंगळी मोडली होती, ती वाकडीच जुळली. चारचौघांत हा हात ती कधी बाहेर काढत नसे. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण मीही तो नीट पाहिला नव्हता. मी तो पुठ्ठ्यावर ठेवून गिरवला, साचा कापला आणि हिरव्या रंगात सगळीकडे उठवला. हँडबिलासाठी तोच लहान करून लाकडात कोरला. शेजारच्या बोरी अरब गावापर्यंत एकच हात झाला. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

बाजाराच्या दिवशी आम्ही भाजीला गेलो. पाटीसमोर बायांची गर्दी होती. एक म्हणाली, "काय भेसूर हात हाय वं! बोट तं पाह्य कसं हाय!" शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं पदर घट्ट ओढला. जे ती लहानपणापासून झाकत आली, तेच मी गावभर टांगलं होतं.

घरी आल्यावर म्हणालो, "उद्या साऱ्या पाट्यांवर करंगळी सरळ करतो."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कायले? मंग तो कोनाचा हात होईन?"

एवढ्यानं माझं समाधान झालं नाही. ती मला बरं वाटावं म्हणून बोलली असेल, असंच वाटत राहिलं.

पहिल्या खेळाला ती आली. बायकांच्या दारावर तिकीट द्यायला तिनं उजवाच हात पुढे केला. मागची बाई किंचाळली, "अवं माय! थोच हात!"

रांग मागे सरकली. बायकोनं हात खाली घेतला नाही. उलट बोटं पसरून तो सगळ्यांना दाखवला. "हो, माह्याच हाय," म्हणाली आणि खदखदून हसली. हळूहळू साऱ्याच बाया हसायला लागल्या. दोघीतिघींनी तर तिची करंगळी धरूनही पाहिली.

ती आत गेली. मला इतकं भरून आलं की मी बाहेर छकड्यापाशीच बसून राहिलो. तो सिनेमा मी आजपर्यंत पाहिलेला नाही.